६७, ७३ की ८१?

एका रांगेत तीन खोल्या, प्रत्येक खोली आतून १२ बाय १२ फूट. आठ कॉलम, दहा बीम, वर पाच इंची स्लॅब. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोला एखाद्या हंगामात बरा भाव लागला की जुन्नर-आंबेगावच्या वाड्यावस्त्यांवर अशा घरांची आखणी सुरू होते, आणि स्लॅबच्या आधी आठ दिवस घरात एकच प्रश्न फिरत राहतो: दुकानात गोण्या किती सांगायच्या? यावर दोन तऱ्हेची माणसं दोन तऱ्हेची उत्तरं देतात. एक वहीत आकडे मांडतो. त्याला इथे हिशेबी म्हणू. दुसरा मिस्त्री. त्याचं आयुष्य सेंट्रिंगवर गेलं आणि वहीवर त्याचा फारसा भरवसा नाही.

हिशेबी: आधी बीम किती मोठा ते बघू. नऊ इंच रुंद, अठरा इंच खोल, कॉलमच्या तोंडापासून तोंडापर्यंत बारा फूट. म्हणजे साडेतेरा घनफूट, आणि दहा बीमचे १३५. पण इथेच गफलत होते. अठरापैकी वरचे पाच इंच स्लॅबचे आहेत. स्लॅब आपण बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंत, ३९ बाय साडेतेरा फूट मोजतो. त्यात बीमचं डोकं आलंच. म्हणून बीम मोजायचा तो स्लॅबच्या बुडाखालचा, तेरा इंचांचा. पावणेदहा घनफूट. दहांचे साडेसत्त्याण्णव, जवळजवळ एक ब्रास, म्हणजे शंभर घनफूट. स्लॅबचे २१९. एकूण ३१७ घनफूट धरा. आता एम २० चा माल, एकास दीड, दीडास तीन. शंभर घनफूट ओलं काँक्रीट हवं तर कोरडा माल १५४ घनफूट लागतो. त्यात सिमेंट २८, वाळू ४२, खडी ८४. सिमेंटची गोणी सव्वा घनफुटाला जरा कमी, म्हणजे ब्रासला तेवीसच्या आत गोण्या. तुमच्या घराला ७३. मिस्त्री, तुम्ही ८१ सांगितल्यात. त्या आठ गोण्या कुठून आल्या हे मला कळलंय. तुम्ही स्लॅबही पूर्ण मोजता आणि बीमही पूर्ण अठरा इंच मोजता. दोघांच्या भेटीतलं काँक्रीट दोनदा मोजलं जातं.

मिस्त्री: साहेब, दोनदा मोजलं असेल. पण त्या आठ गोण्या मी घरी नेत नाही, त्या कामातच जातात. कशा ते सांगतो. स्लॅब पाच इंचांचा हे तुमच्या कागदावर. प्लेटा बसवताना एका खोलीत टेकू जरा दबला, दुसरीकडे लेव्हलच्या दोरीला झोळ पडला, की पाचाचा साडेपाच होतो. अर्ध्या इंचाला या घरात २२ घनफूट माल जातो. पाच गोण्या तिथेच गेल्या. बीमच्या बाजूची प्लेट व्हायब्रेटर लावला की फुगते. मिक्सरच्या पोटात चिकटतो, घमेल्यातून सांडतो, फळ्यांच्या फटीतून खाली गळतो. झाल्या का आठ? तुम्ही याला चूक म्हणता. माझ्यासाठी ती सोय आहे, आणि आजवर तिने मला कधी अर्ध्या बीममध्ये उभं केलेलं नाही.

हिशेबी: सोय असेल तर तिला सोय म्हणून वेगळं लिहा. बीमचं डोकं दोनदा मोजून मिळालेली वाढ ही नासाडीच्या हिशेबाने वाढत नाही, ती बीमच्या रुंदीच्या आणि स्लॅबच्या जाडीच्या हिशेबाने वाढते. नासाडीचा आणि तिचा काही संबंध नाही. हेच घर जोत्यावर असताना बघा. प्लिंथ बीमवर स्लॅब नसतो, तिथे तुमच्या पद्धतीत एक घमेलंही जास्तीचं निघत नाही. आणि माल सगळ्यात जास्त वाया जातो तो तिथेच, कारण मातीचा चर सरळ खणला जात नाही, बुडाला खळगे राहतात, कडा ढासळतात. म्हणजे जिथे जास्त हवं तिथे तुमची सोय शून्य, आणि वर स्लॅबला आठ गोण्या. स्लॅबला ती जुळली हा योगायोग आहे.

या मुद्द्यावर मिस्त्री थोडा थांबतो. प्लिंथच्या वेळी गोण्या कमी पडल्याच्या घटना त्याच्याही आठवणीत असतात. फक्त त्यांचा ठपका तो चर खणणाऱ्यावर ठेवत आलेला असतो. पण तो माघार घेत नाही, हिशेबाच्या मुळावर जातो.

मिस्त्री: बरं, हे १५४ कुणी सांगितलं? शंभराला दीडशे का नाही, एकशे साठ का नाही? तुम्ही शिकलेली माणसं सगळीकडे हाच आकडा लावता. आपल्याकडची खडी काळ्या कातळाची, क्रशरवरून येते, तिला धार असते, चपट्या कपच्या असतात. पूर्वी घोड नदीची वाळू यायची, आता क्रश सँड. दोन्हींची पोकळी सारखी का? नदीची वाळू गोल दाण्याची, क्रशमध्ये पीठ जास्त. तरी आकडा तोच?

हिशेबी: इथे मला प्रामाणिक उत्तर द्यायला हवं. १५४ हा आकडा मोजलेला नाही, रूढ झालेला आहे. खरं मोजायचं तर वजनाने मोजावं. पन्नास किलो सिमेंट निव्वळ जागा घेतं सोळा लिटर. आयएस ४५६ मध्ये एम २० च्या ठरीव मिश्रणाला गोणीमागे वाळू आणि खडी मिळून जास्तीत जास्त अडीचशे किलो सांगितलीय. आपला बेसाल्ट जड असल्याने ती निव्वळ नव्वद लिटरच्या आसपास भरते. पाणी जास्तीत जास्त तीस लिटर. थोडी हवा अडकतेच. एका गोणीचं काँक्रीट होतं १३५ ते १३८ लिटर. घनमीटरला साडेसातच्या आत गोण्या. आपलं घर नऊ घनमीटरचं आहे, तेव्हा ६७ पुरतात.

मिस्त्री: म्हणजे तुमच्या ७३ मध्येही सहा गोण्या लपलेल्या आहेत.

हिशेबी: आहेत. नाकारत नाही.

मिस्त्री: मग माझी चूक आणि तुमचं शास्त्र, असं कसं? तुमच्या सहा गोण्या पुस्तकात लपल्या म्हणून त्या हुशारीच्या, आणि माझ्या आठ बीमच्या डोक्यात लपल्या म्हणून अडाणीपणाच्या?

वाद इथे वळतो. आतापर्यंत प्रश्न होता खरा आकडा कोणता. आता तीन आकडे समोर आहेत आणि तिन्ही एका अर्थाने खरे. ६७ हा पदार्थाचा आकडा आहे: काहीही सांडलं नाही, फुगलं नाही, प्रत्येक घमेलं मापात पडलं तर. ७३ कार्यालयांच्या अंदाजपत्रकांतून रूढ झालेल्या रीतीचा. ८१ प्रत्यक्ष जागेवरचा. चौदा गोण्यांच्या या फरकात नेमकं काय दडलेलं आहे, हे दोघांपैकी कुणीच आधी वेगळं काढून दाखवलेलं नव्हतं.

हिशेबी: मग वेगळं काढू. त्यात सांडलवंड किती, जाडीतली वाढ किती आणि मापातला घोळ किती? सांडलवंड दोन-तीन टक्के, ती कुणीच टाळू शकत नाही. जाडीची वाढ सेंट्रिंग नीट तपासलं तर टळते, आणि टळायलाच हवी, कारण तो अर्धा इंच नुसत्या पाच गोण्या खात नाही, दीड टनाचं ओझं कायमचं बीमवर ठेवतो. राहिला मापातला घोळ. तुमचा बिगारी घमेल्याने वाळू टाकतो. सकाळी घमेलं शीग लावून भरतो, दुपारी दमला की सपाट. लाकडी फरमा वापरा म्हटलं, चाळीस बाय पस्तीस बाय पंचवीस सेंटिमीटरचा, म्हणजे बरोबर पस्तीस लिटर, एका गोणीएवढा, तर तो कोपऱ्यात पडून राहतो. शिवाय वाळू ओली असते. ओली वाळू फुगते. दोनशे मिलिची खूण असलेल्या काचेच्या नळीत ओली वाळू खुणेपर्यंत भरा, वरून पाणी ओतून ढवळा, बसू द्या. ती १६० वर येऊन थांबली तर पंचवीस टक्के फुगवटा. म्हणजे तुम्ही दीड माप टाकलं असं समजता आणि पडतं सव्वा मापाच्याही आत. वाळू कमी पडली की खडीच्या फटी भरत नाहीत, माल खरबरीत होतो, बीमच्या बुडाला खडी उघडी पडते. मग मजूर काय करतो ते तुम्हाला माहीत आहे.

मिस्त्री: पाणी मारतो.

हिशेबी: पाणी मारतो. आणि पाणी माझ्या हिशेबात गोणीला तीस लिटर, तेही वाळूतली ओल धरून. ऐंशी किलो वाळूत पाच टक्के ओल असली तरी चार लिटर तिनेच आणलं. उरतं सव्वीस. तुमच्या मिक्सरवर पाणी कशाने मोजतात?

मिस्त्री: डोळ्याने. आणि हे हसण्यावारी नेऊ नका. माल ड्रममधून पडताना त्याचा आवाज बदलतो, पत्र्यावर पसरतो कसा ते दिसतं. तीस वर्षं जे हात तेच काम करतात त्यांना दोन लिटर जास्त झालेलं कळतं. अडचण वेगळीच आहे. अठरा इंच खोल बीम, खाली तीन सोळाचे बार, वर दोन बाराचे, सहा इंचांवर रिंगा, कॉलमच्या तोंडाशी तर बारांची गर्दी. तिथे घट्ट माल उतरतच नाही. व्हायब्रेटरची नळी घुसत नाही. तुमच्या तीस लिटरचा माल तिथे टाकला तर खाली पोकळी राहील. ओतणारा घाबरतो आणि बादली उपडी करतो. हा दोष माझा की ज्याने नऊ इंचांत एवढे बार बसवले त्याचा?

या प्रश्नाचं सरळ उत्तर वहीत नसतं. गोणीमागे तीसचं चाळीस लिटर पाणी झालं तर काँक्रीटची ताकद साधारण तिसऱ्या हिश्शाने घटते, आणि तरी रिकाम्या गोण्यांची संख्या तेवढीच राहते. पाण्याचं बिल दुकानातून येत नाही म्हणून ते अंदाजपत्रकात लिहिलं जात नाही, आणि लिहिलं जात नाही म्हणून कुणी मोजत नाही.

मिस्त्री: आणि स्टीलचं काय? तुम्ही म्हणाल, मीटरचं वजन काढायला व्यासाचा वर्ग भागिले १६२. सोळाच्या बारला १.५८ किलो. ठीक. पण दुकानात मीटर मिळत नाही, बार मिळतो, बारा मीटरचा, ३९ फूट ४ इंच. आपलं घर बाहेरून ३९ फूट. म्हणजे लांबीच्या बीममध्ये बार टोकापासून टोकापर्यंत पोचतो, पण कॉलममध्ये वाकवायला काही उरत नाही. दोन्हीकडे अडीच अडीच फूट वाकवायचं, मध्ये जोडाला सोळाच्या बारला तीन फुटांचा लॅप. झाले ४७ फूट. प्रत्येक बारला आठ फुटांचा तुकडा जोडावा लागतो. हे तुमच्या वजनाच्या हिशेबात दिसत नाही.

हिशेबी: दिसतं, जर कापणीचा तक्ता केला तर. लांबीच्या दोन ओळी, प्रत्येकी तीन बार, ४७ फूट. आडवे चार बीम, प्रत्येकी तीन बार, साडेअठरा फूट. बेरीज ५०४ फूट, वजन २४३ किलो. हा झाला निव्वळ हिशेब. आता बार मोजू. लांबीला सहा पूर्ण बार. आठ-आठ फुटांचे सहा तुकडे, त्याला दोन बार. आडव्यांना एका बारमधून दोन तुकडे, म्हणजे सहा बार. एकूण चौदा, वजन २६५ किलो. बावीस किलोंचा फरक कापणीतला. त्यातला मोठा तुकडा लिंटेलला किंवा आधारावरच्या जादा बारला लावता येतो. हे आधी लिहून ठेवलं तर फिटर तो तुकडा वापरतो. नाही लिहिलं तर सगळं झाल्यावर भंगारवाला नेतो. तुमचा नेहमीचा हिशेब काय?

मिस्त्री: अख्ख्या घराला स्क्वेअर फुटाला चार किलो. फूटिंगपासून स्लॅबपर्यंत. कमी पडत नाही.

हिशेबी: कमी पडत नाही हे मान्य, पण त्यातून कुठे किती गेलं हे कळत नाही. आणि नेमकं जिथे कमी करू नये तिथेच ते कमी होतं. पुणे जिल्हा आयएस १८९३ च्या २०१६ च्या नकाशात भूकंपाच्या तिसऱ्या विभागात आहे. तिथे आयएस १३९२० म्हणतं, बीमच्या दोन्ही टोकांना, बीमच्या खोलीच्या दुप्पट अंतरापर्यंत, रिंगा चार इंचांपेक्षा लांब नकोत. तुम्ही सगळीकडे सहा इंचांवर बांधता. फरक किती? बीमला पाच-सहा रिंगा, रिंगेला अर्धा किलो. दहा बीमना तीस किलो. चार किलोच्या ठोकताळ्यात त्या तीस किलोंना जागा आहे, तरी त्या बांधल्या जात नाहीत, कारण ठोकताळा वजन सांगतो, जागा सांगत नाही. आणि एक गोष्ट तुमच्याच तालुक्यातली. खोडदला आणि आसपास तीस रेडिओ दुर्बिणी उभ्या आहेत, प्रत्येक ताटली पंचेचाळीस मीटर व्यासाची. त्या उभारणारे शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी ताटलीला पत्रा लावला नाही. ताणलेल्या दोरांवर बारीक तारेची जाळी बसवली. वारा जाळीतून निघून जातो, त्यामुळे सांगाडा हलका, आणि सांगाडा हलका म्हणून खालचा खांब आणि पायाही आवाक्यात राहिला. साहित्य वाचलं ते ठोकताळ्याने नाही, गणिताने वाचलं.

मिस्त्री: खोडदचं उदाहरण मोठं आहे, पण इथे लागू पडत नाही. तिथे एकच रचना तीस वेळा उभी केली. पहिली करताना डोकं घातलं, ते पुढच्या एकोणतीसांना कामाला आलं. मी दरवर्षी नवी घरं करतो, आणि प्रत्येकाचा कागद वेगळा, अनेकदा कागदच नसतो. मालक सकाळी सांगतो, इथे एक खिडकी वाढवा. त्याचा भाऊ म्हणतो, जिना बाहेरून घ्या. प्रत्येक घराला तुमचा कापणीचा तक्ता कोण करणार, आणि त्याचे पैसे कोण देणार?

हा आक्षेप वाटतो तितका किरकोळ नाही. ग्रामीण भागात बहुतेक घरांत साहित्य मालक आणतो आणि मिस्त्री मजुरीचा दर स्क्वेअर फुटावर घेतो. सिमेंट वाचलं तर पैसे मालकाचे, कमी पडलं तर बोल मिस्त्रीला. अशा करारात मिस्त्री जास्तच सांगणार. तो मूर्ख नाही. उलट, साहित्यासकट ठेका असेल तर तोच माणूस ६७ वर यायला एका दिवसात शिकतो, आणि त्याखालीही उतरतो. आकडा हिशेबाने ठरतो असं हिशेब्याला वाटतं. पण बऱ्याचदा तो गोण्या कुणाच्या खिशातून येतात यावर ठरतो.

मिस्त्री: आणि जागेवर. नारायणगावात किंवा मंचरला स्लॅब चालू असताना तीन गोण्या कमी पडल्या, तर पोरगं टेम्पो घेऊन जातं, अर्ध्या तासात येतं. तिथे तुमचे ७३ काय, ६७ सुद्धा चालतील. पण घोडेगाव सोडून डिंभ्याच्या पाण्याकडेने आहुप्याकडे वर जा, नाहीतर जुन्नरकडून हातवीज-दुर्गवाडीला जा. तिथे दुपारी तीनला सिमेंट संपलं तर दिवस गेला. बीम अर्धा भरून थांबला की उद्याचा माल त्याला एकजीव होत नाही, सांधा राहतो, आणि तोही नेमका मधोमध. तिथे मी ८१ च सांगणार. कुणी अडाणी म्हटलं तरी.

हिशेबी: मी म्हणणार नाही. पण त्याच आहुप्याला उरलेल्या आठ गोण्यांचं काय होतं? जूनपासून चार महिने धुकं आणि पाऊस. गोणी भिंतीला टेकवली तर आठवड्यात कडा दगड होतात. तीन महिने पडलेल्या सिमेंटवर बीम भरू नये, हे तुम्हीच लोकांना सांगता. म्हणजे नारायणगावात उरलेली गोणी परत जाते, आहुप्याला उरलेली मरते. आणि घर कुणाचं? घरकुलाचं असेल तर प्रधानमंत्री आवास योजनेने २०१६ मध्ये सपाटीच्या भागाला १ लाख २० हजार ठरवले, घर किमान २५ चौरस मीटर. पैसे हप्त्याहप्त्याने. २०२५ च्या वाळू धोरणात घरकुलाला पाच ब्रास वाळू मोफत द्यायचं ठरलं, चांगलं आहे. पण ७३ गोण्यांच्या स्लॅबला वाळू सव्वा ब्रासच्या वर लागते आणि खडी पावणेतीन ब्रास. खर्च होतो तो सिमेंट, खडी आणि स्टीलवर. त्या माणसाला आठ मेलेल्या गोण्या परवडतात का?

मिस्त्री: परवडत नाहीत. अर्धा भरलेला बीमही परवडत नाही. मग त्याने काय करावं ते सांगा.

हिशेबी: एकाऐवजी दोन आकडे लिहावेत. वापरायचा आकडा आणि आणायचा आकडा. वापर ७३ च्या आत, आणायच्या ७८. वरच्या पाच वेगळ्या, न फोडता, फळीवर ठेवायच्या. आणि संध्याकाळी रिकाम्या गोण्या मोजायच्या. माझ्या मते अंदाजपत्रकाचा खरा उपयोग सकाळी नाही, संध्याकाळी आहे. ३१७ घनफूट भरलं आणि रिकाम्या गोण्या ५५ निघाल्या, तर त्याच रात्री कळतं की माल कसा पडला. क्यूब टेस्टला लागणारे २८ दिवस थांबायचं कारण नाही. ७८ च्या ७८ निघाल्या, तर कुठेतरी जाडी वाढलीय. टेप घेऊन शोधा. वहीतला आकडा खरा ठरावा म्हणून मी तो लिहीत नाही. तो कितीने खोटा ठरला हे बघण्यासाठी लिहितो.

मिस्त्री: हे पटलं. आजवर मला कुणी असं सांगितलं नव्हतं, सगळे सकाळीच आकडा मागतात. पण तुमचा संध्याकाळचा हिशेबही सगळं सांगत नाही. रिकाम्या गोण्यांत पाणी दिसत नाही, जमीन दिसत नाही. माळीणचं घ्या. ३० जुलै २०१४ ला डोंगर गावावर आला, १५१ माणसं गेली. नवं गाव आमड्याला बांधलं, पक्क्या आरसीसीचं, २ एप्रिल २०१७ ला लोकांच्या ताब्यात दिलं. आणि त्याच जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात भराव खचला, रस्ते आणि गटारं वाहून गेली. कॉलमच्या, बीमच्या गोण्या तिथे कागदावर मोजलेल्याच असणार. खालच्या भरावाचं पाणी कुणी मोजलं?

हिशेबी: तो प्रश्न बीमच्या हिशेबाचा नाही, उताराचा आणि निचऱ्याचा आहे.

मिस्त्री: तेच म्हणतोय. जे तुमच्या यादीत येत नाही ते तुम्ही दुसऱ्या यादीत टाकता. घरात राहणाऱ्याला यादी एकच असते.

हिशेबी: मग ती यादी वाढवू. पाण्याची ओळ घाला, गोणीमागे किती बादल्या. निचऱ्याची ओळ घाला. मी लिहून देतो. पण तुमच्याकडून एक हवं: रिकाम्या गोण्या तुमच्यासमोर मोजायच्या आणि कागदावर तुमची सही.

मिस्त्री: सही करतो. पण आधी हे सांगा. ६८ लागल्या तर वाचलेल्या गोण्या मालक दुकानात परत देणार, पैसे त्याचे. ७६ लागल्या तर वरच्या तीन तो माझ्या मजुरीतून कापणार. असा कागद मी का मानावा?

हिशेबी: वाचलेल्या गोण्यांचे निम्मे पैसे तुमचे, असं कलम घालू.

मिस्त्री: घाला. मग पुढच्या घराला मी माल पातळ करून साठात भागवतो. कागद तुमचा, फायदा माझा, आणि बीम मालकाचा.

हिशेबी: म्हणून तर पाण्याची ओळ. मापाची बादली ठेवायची, मिक्सरशेजारी, आणि प्रत्येक गोणीला तीच.

मिस्त्री: आणि बादलीजवळ दिवसभर उभं कोण राहणार? माझा माणूस राहिला तर तो माझाच. तुमचा राहिला तर त्याची हजेरी कोण देणार?

हिशेबी: घरमालक उभा राहील. घर त्याचं आहे.

मिस्त्री: साहेब, तुम्ही स्लॅबच्या दिवशी कुणाच्या घरी गेलाय का? सकाळी नारळ फोडला की मालक चुलीजवळ असतो. पंचवीस-तीस माणसांचं जेवण असतं त्या दिवशी.